दिवाळीची सुटी आणि घरांतील लहानगे

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुटी लागते, त्याच सुमारास घराघरांतून मांडणीवरचे डबे खालीं उतरतात, अंथरुणें उन्हांत पडतात आणि भाजणीचा वास आळीभर पसरतो. शाळेनें मुलांबरोबर सुटीचा अभ्यास धाडलेला असतो, आणि आईपुढें दहा दिवसांत उरकावयाच्या कामांचा डोंगर असतो. अशा वेळीं सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कानांवर दोनच वाक्यें पुनःपुन्हां पडतात : "अभ्यासाला बस" आणि "मध्यें मध्यें लुडबुडूं नकोस." पहिलें वाक्य त्यास पुस्तकाकडे ढकलतें, दुसरें कामापासून दूर लोटतें, आणि बिचारें मूल दोहोंच्या मध्यें भिंतीशीं टेकून बसतें. घरची तयारी व मुलाचें शिक्षण हीं एकमेकांच्या वाटेंत न येतां कशीं चालतील, याविषयीं आमचे कांहीं विचार आम्ही पालकांपुढें ठेवूं इच्छितों. हायस्कुलांतील आमच्या विद्यार्थ्यांनींही हा लेख वाचावा. कारण धाकट्या भावंडांचे खरे गुरु या दिवसांत तेच असतात.

प्रथम पुस्तकाचें पाहूं. पहिली-दुसरींतल्या मुलास तासभर एका जागीं बसविल्यानें अभ्यास होत नाहीं. फक्त बसणें होतें. सकाळीं दूध पिऊन झालें कीं, फराळाची कढई चढण्यापूर्वीं, वीस मिनिटें नेमून द्यावीं. एक पान मोठ्यानें वाचावें, चार-पांच ओळी लिहाव्या, एक पाढा म्हणावा आणि दप्तर मिटावें. परंतु हीं वीस मिनिटें रोजचीं असावीं. जर्मनींतील हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतः पाठ करून स्मरणशक्तीचे प्रयोग केले, आणि ते इ. स. १८८५ सालीं प्रसिद्ध केले. एकाच बैठकींत घोकण्यापेक्षां तीच उजळणी तीन दिवसांवर वांटली तर पुष्कळ कमी श्रमांत पाठांतर होतें, असें त्यास आढळलें. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीं डोळे चोळीत, आईचा ओरडा खात, पंधरा दिवसांचें शुद्धलेखन एका दमांत उतरविणाऱ्या मुलाच्या पदरीं काय पडतें, हें यावरून ध्यानांत यावें. शंभरपर्यंतचे अंक दहा-दहा वेळां लिहून आणावयास सांगणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनींही याचा विचार करावा!

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. कारण या दिवसांत खरी शाळा तेथें भरलेली असते. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील (आतां पालघर) बोर्डी येथें खेड्यांतील मुलांकरितां ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, तेव्हां महागड्या साहित्याऐवजीं आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. दिवाळीच्या तयारींत अशा वस्तूंस तोटा नाहीं. चकलीच्या भाजणीचें घ्या. प्रमाण घरोघर निराळें असतें. पण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ व एक वाटी उडदाची डाळ, असें साधारण चालतें. धान्य मोजण्याचें काम मुलाकडे द्यावें. प्रत्येक वाटीस त्यानें पाटीवर एक रेघ ओढावी. मग सहज विचारावें, "यंदां निम्मीच भाजणी केली तर रे?" चाराच्या दोन आणि दोहोंची एक हें तें चटकन् सांगेल. एका वाटीशीं आल्यावर मात्र थबकेल, वाटीकडे पाहील आणि बोटानें तिच्या मध्यावर खूण करील. अपूर्णांक हा शब्द त्यास पुढें दोन वर्षांनीं भेटेल. त्याची ओळख येथें झालेली असेल.

घरांत आजी असेल तर हा धडा अधिकच रंगतो. तिच्या लहानपणीं धान्य किलोनें येत नसे. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, असा तो हिशेब होता. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनेंमापें आलीं आणि हळूहळू हीं मापें अडगळींत गेलीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. या दोन हिशेबांतील भेद मुलास समजावा म्हणून चिवड्याच्या पातळ पोह्यांची एक वाटी व डाळीची एक वाटी काट्यावर ठेवून दाखवावी. दोन्ही वाट्या शिगोशीग भरलेल्या. पण एकीचें पारडें खालीं बसतें आणि दुसरीचें अधांतरीं राहतें. असें कां, याचें उत्तर लगेच देऊं नये. मुलास दिवसभर त्याच्यावर विचार करूं द्यावा.

अनारसे ज्या घरीं होतात, तेथें आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, चौथ्या दिवशीं उपसून कापडावर सावलींत पसरावयाचे, ओलसर असतांनाच कुटून चाळावयाचे, गूळ मिळवून गोळे डब्यांत भरून ठेवावयाचे. आणि मग कांहीं दिवसांनीं तळावयाचे. पाणी बदलण्याचें काम सहा वर्षांच्या मुलाचें असावें व तें सर्वस्वीं त्याचेंच असावें. त्यानें रोज सकाळीं तांदुळाचा वास घ्यावा, जुनें पाणी ओतावें, नवें घालावें व दिनदर्शिकेवर खूण करावी. एखादे दिवशीं विसरल्यास तांदुळास कसा वास मारतो, हें त्याचें त्यासच कळेल. वेगळा उपदेश नको. तुपांत सोडतांच एखादा अनारसा विरघळून पसरला म्हणजे आपल्याकडे "अनारसा हसला" असें म्हणतात. तो कां हसला, याविषयीं आई व आजी यांच्यांत जो वाद होतो, तोही मुलानें ऐकण्यासारखा असतो. गूळ अधिक झाला कीं तूप नीट तापलें नव्हतें? कारण शोधणें म्हणजे काय, हें यापरतें चांगलें कोण शिकवील?

मात्र एक मर्यादा आम्ही निक्षून सांगतों. कढईंत तेल किंवा तूप तापत असतां आठ वर्षांखालील मूल चुलीच्या आसपास असूं नये. मग तें कितीही गुणी असो आणि कितीही रडो. मोजणें, निवडणें, चाळणें, करंजीची पारी लाटणें, कातण्यानें कडा कापणें हीं कामें तळण्याच्या आधींचीं आहेत. तेवढ्यांत त्याची हौस भागवावी. तळणीच्या वेळीं त्यास अंगणांत मोठ्या भावंडांच्या स्वाधीन करावें.

दुसरी मर्यादा वडिलांसाठीं आहे. कित्येक हौशी वडील प्रत्येक लाडवागणिक एक उदाहरण घालतात. पांच लाडू दिले, दोन खाल्ले, किती राहिले? अशानें मुलास लाडूही नकोसा होतो आणि गणितही. एका कामांत एक प्रश्न पुरे. कित्येक कामांत तोही नको.

अंगणांत किल्ला असतो. येथें हायस्कुलांतील विद्यार्थ्यांचें राज्य. परंतु धाकट्यास केवळ माती वाहावयास लावूं नये. किल्ला कोणता, हें आधीं ठरवावें. समुद्रांतला सिंधुदुर्ग करावयाचा तर भोंवतीं पाणी पाहिजे आणि प्रतापगड करावयाचा तर घनदाट डोंगर. रायगड केला तर १६७४ सालच्या राज्याभिषेकाची गोष्ट सांगावी. जुलै १९२५ नव्हे, अगदीं अलीकडे, जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत आहेत व बारावा, जिंजी, तामिळनाडूंत. त्यांचीं नांवें लहान चिठ्ठ्यांवर लिहिण्याचें काम पहिलींतल्या मुलास द्यावें. जें शुद्धलेखन वहींत त्यास जाचतें, तेंच किल्ल्यावर लावावयाचें म्हणून तें जीव ओतून लिहील. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर ओल्या मातींत अळीव पेरावे. ते दोन-चार दिवसांत रुजतात. तेव्हां नरकचतुर्दशीपासून उलट दिवस मोजून पेरणीचा दिवस मुलाकडूनच काढवावा. ज्यांस अंगण नाहीं, त्यांस गच्चीच्या कोपऱ्यांत, विटा व गोणपाट यांवर किल्ला करतां येतो.

आमच्या ख्रिस्ती घरांतून हीच धांदल पुन्हां नाताळांत होते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे तेच. आकाशकंदिलाच्या जागीं तारा. बांबूच्या सारख्या लांबीच्या पांच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा, दोहोंचीं टोकें एकत्र बांधून मधल्या पांच छेदांत पांच आंखूड काड्या घातल्या म्हणजे तो फुगतो. एकूण काड्या किती, हें धाकट्यानें मोजावें. प्रत्येक टोकाचा कोन छत्तीस अंशांचाच कां व पांचांची बेरीज दोन काटकोन कशी, हें थोरल्यानें सिद्ध करावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः लेखणी उचलली, ती. सुटीनंतर वह्या तपासतांना एक प्रकार वारंवार दिसतो. एकाच घरांतील भाऊ व बहीण. भावाची वही पूर्ण, बहिणीची अर्धी. कारण विचारावें लागत नाहीं. बहीण नऊ वर्षांची झाली कीं भांडीं, केर, धाकट्याला सांभाळणें, लाडू वळणें हीं तिच्याकडे येतात, आणि भाऊ "अभ्यास करतो आहे" म्हणून कोणी त्यास हांक मारीत नाहीं. स्वयंपाकघरांत शिक्षण आहे असें आम्ही वर म्हटलें. त्याचा अर्थ मुलीस तेवढेंच शिक्षण पुरे असा कोणी करूं नये. वाट्या मोजणें हा धडा आहे; पन्नासावा लाडू वळणें हा धडा नव्हे, तें श्रम आहेत, आणि श्रम घरांतील सर्वांनीं वांटून घ्यावयाचे असतात. १८४८ सालीं जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा उघडली. त्यानंतर शाळेचीं दारें मुलींस खुलीं होत गेलीं, आणि आज आमच्या वर्गांतून मुलींची संख्या पाहून मन भरून येतें. परंतु सुटींतल्या पंधरा दिवसांवर कोणत्याही शाळेची सत्ता चालत नाहीं. तेथें आईबापांचाच अंमल.

तेव्हां मुलीचींही तींच वीस मिनिटें सकाळीं राखून ठेवावीं, आणि त्या वेळांत तिला पाणी आणावयासही उठवूं नये. तिच्या भावानें डबे पुसावे, रवा चाळावा, करंज्यांत सारण भरावें. त्याचे हात त्यानें झिजणार नाहींत. वडिलांनीं संध्याकाळीं अर्धा तास धाकट्या मुलांस गोष्टीचें पुस्तक वाचून दाखवावें. तेवढ्यांत आईस पाठ टेकावयास मिळेल. हें सारें एका वर्षांत जमेल अशी आमची अपेक्षा नाहीं. पण ज्या घरीं कामाची यादी भिंतीवर लावून तींत सर्वांचीं नांवें लिहिलीं जातात, तेथें लहान मूलही स्वतःचें नांव वाचावयास रोज भिंतीशीं जातें, असें आम्हीं पाहिलें आहे.

एक विनंती आमच्या बालवाचकांस. या सुटींत आपल्या आजीकडून जुन्या मापांचीं नांवें लिहून घ्या. चिपटें, मापटें हीं आम्हीं वर दिलींच आहेत. परंतु कोंकणांत, खानदेशांत, वऱ्हाडांत तीं निराळीं असतील, आणि एकाच नांवाचें मापही गांवोगांव लहानमोठें असेल. शाळा उघडल्यावर तीं वर्गांत आणा. फळ्यावर मांडूं, आणि कोणाच्या आजीची पायली मोठी तें पाहूं.