विशेषणापुढचा छोटा शब्द

डोंबिवली (पूर्व)

चि. सोनूस,


तुझा अर्ज वाचला. महापेच्या एमआयडीसीत डिस्पॅचची जागा निघाली आणि तू त्याच रात्री अर्ज लिहून मला पाठवलास, याचा फार आनंद झाला. तुझ्या शीळफाट्याहून महापे जवळ, आणि गोदामातल्या कामाचा अनुभव तुझ्या गाठीशी आहेच. अर्जातलं इंग्रजीही चांगलं आहे. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. चूक होतेय ती मुख्यतः एकाच जागी, आणि पुन्हा पुन्हा: विशेषणापुढच्या छोट्या शब्दात. ‘गुड इन एक्सेल’, ‘रिस्पॉन्सिबल ऑफ डिस्पॅच’, ‘सीनियर दॅन टू असिस्टंट्स’. या चुका एका कारणाने झाल्या आहेत, म्हणून नुसती खाडाखोड करून अर्ज परत न पाठवता हे पत्र लिहिते आहे.

तू मनात मराठी वाक्य धरतेस आणि त्यातल्या प्रत्ययाला इंग्रजी शब्द शोधतेस. एक्सेलमध्ये हुशार, म्हणून ‘इन’. मी त्याच्यावर रागावले, म्हणून ‘ॲन्ग्री ऑन हिम’. तिचं लग्न डॉक्टरशी झालं, म्हणून ‘मॅरिड विथ अ डॉक्टर’. शाळेत शिकवताना हीच वाक्यं मी वर्षानुवर्षं वह्यांमध्ये तपासली. ती लिहिणारी मुलं हुशारच होती. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ असं त्यांना आपणच पाठ करून घेतलं होतं, त्यांनी ते प्रामाणिकपणे वापरलं. पण ‘टेबलावर’ मधला ‘वर’ जागा दाखवतो आणि ‘त्याच्यावर रागावले’ मधला ‘वर’ कुठलीच जागा दाखवत नाही. तो फक्त रागाची सोबत करतो. इंग्रजीत रागाला अशी सोबत ‘विथ’ करतं.

तू राहतेस तिथे हे समजून घेणं सोपं आहे. मुंब्र्याकडून येणारी माणसं हिंदी-उर्दू बोलतात, तू मराठी बोलतेस. हिंदीत सापाला घाबरायला ‘से’, कुणावर नाराज व्हायला ‘से’, कुणाशी लग्न करायला ‘से’ आणि याहून वेगळं म्हणायलाही ‘से’. एक ‘से’ चार कामं करतो. मराठीत त्याच चार कामांना ‘ला’, ‘वर’, ‘शी’ आणि ‘हून’ असे चार वेगळे प्रत्यय लागतात. इंग्रजीतही चार लागतात: अफ्रेड ऑफ, ॲन्ग्री विथ, मॅरिड टू, डिफरंट फ्रॉम. एखादा हिंदी बोलणारा माणूस ‘मी त्याच्याने नाराज आहे’ म्हणाला, तर तुला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. तुझं ‘मॅरिड विथ’ इंग्रजी कानाला तसंच खटकतं. ‘त्याच्यावर’ हे तुला कुणी नियमाने शिकवलं नाही. लहानपणापासून ‘रागावणे’ हा शब्द तू ‘वर’सकट ऐकलास. इंग्रजी विशेषणही असंच त्याच्या जोडीदारासकट उचलायचं. वहीत नुसतं ‘अफ्रेड’ लिहू नकोस, ‘अफ्रेड ऑफ’ लिही.

थोडी दिशा मात्र सांगता येते. मनाच्या अवस्थेची बरीच विशेषणं ‘ऑफ’ घेतात: अफ्रेड, प्राउड, फॉन्ड, अवेअर, अशेम्ड, जेलस. कौशल्य असेल तर ‘ॲट’: गुड ॲट, बॅड ॲट, क्विक ॲट. नातं, जवळीक किंवा साम्य असेल तर ‘टू’: क्लोज टू, सिमिलर टू, लॉयल टू. दुरावा किंवा सुटका असेल तर ‘फ्रॉम’: ॲब्सेंट फ्रॉम, सेफ फ्रॉम. ‘इंटरेस्टेड इन’ आणि ‘कीन ऑन’ या कुठल्याच गटात बसत नाहीत, ती सरळ पाठ कर. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आले. तुलना त्यांच्या पोटातच आहे, म्हणून त्यांना ‘दॅन’ लागत नाही, ‘टू’ लागतं.

एकाच कुळातल्या शब्दांवर मात्र विसंबू नकोस. डिफर फ्रॉम, डिफरंट फ्रॉम इथे कूळ जुळतं. पण प्राउड ऑफ आणि प्राइड इन, फॉन्ड ऑफ आणि फॉन्डनेस फॉर, कॉन्फिडंट ऑफ आणि कॉन्फिडन्स इन, डिपेंडंट ऑन आणि इंडिपेंडंट ऑफ. विशेषणाचं नाम झालं की जोडीदार बदलू शकतो, आणि ‘इन’ हा उपसर्ग लागला तरी बदलू शकतो. चांगले शिकलेले लोकही ‘इंडिपेंडंट फ्रॉम’ लिहून जातात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काही विशेषणांना दोन जोडीदार चालतात आणि त्यांनी अर्थ बदलतो. ही जागा नुसती खटकण्याची नाही, इथे तुझ्याविषयी भलताच समज होऊ शकतो. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे ज्या कामाची जबाबदारी तुझ्यावर आहे ते काम. ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे ज्याला तू जाब देतेस तो माणूस. तू डिस्पॅचसाठी ‘फॉर’ लिही आणि गोदामाच्या मॅनेजरसाठी ‘टू’. दोन्ही एका वाक्यात आले, तर वाचणाऱ्याला तुझी जागा नेमकी कळते. ‘टायर्ड फ्रॉम वर्क’ म्हणजे काम करून थकलेली, ‘टायर्ड ऑफ वर्क’ म्हणजे कामाला विटलेली. मुलाखतीत हा एक शब्द चुकला तर? ‘गुड ॲट’ कौशल्यासाठी, पण ‘गुड विथ कस्टमर्स’ म्हणजे ग्राहकांशी नीट वागणारी. ‘फॅमिलियर’चं आणखी वेगळं आहे: तुला काम माहीत असेल तर ‘आय ॲम फॅमिलियर विथ द वर्क’, आणि कामाकडून सुरुवात केलीस तर ‘द वर्क इज फॅमिलियर टू मी’. वाक्य कुणापासून सुरू होतं ते आधी बघायचं.

या छोट्या शब्दाच्या पुढे काय येतं, तेही बघायचं. तू लिहिलंस, ‘आय ॲम यूज्ड टू वर्क इन शिफ्ट्स’. इथलं ‘टू’ हे शब्दयोगी आहे, म्हणून पुढे ‘वर्किंग’ हवं. आणि ‘ॲम’ गाळलंस तर अर्थ होतो, पूर्वी शिफ्टमध्ये काम करायचे, आता करत नाही. इंटरेस्टेड इन लर्निंग, केपेबल ऑफ हँडलिंग, सगळीकडे हाच नियम.

शंका आली की रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाच्या पुस्तकातली लांब यादी बघायला हरकत नाही, पण ती पाठ करू नकोस. यादीतला शब्द यादीतच राहतो. त्यापेक्षा चांगला कोश उघड. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. शब्दाचा अर्थ कळूनही तो वाक्यात कसा बसवायचा हे विद्यार्थ्यांना कळत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक कोश केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला, आणि आजचा ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश तो हाच. त्यात विशेषणाच्या जवळच त्याचा जोडीदार दिलेला असतो, खाली वाक्यं असतात. मोबाइलवर फुकट बघता येतो. मराठी अर्थ सांगणारा कोश तुझ्याकडे आहे, तोही ठेव, पण जोडीदारासाठी हा बघ. ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये आणि ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत तुझ्या कानावर पडेल. तू ‘फ्रॉम’ लिही, ते दोन्हीकडे चालतं.

आणि रोज दोन-तीन वाक्यं तुझ्याच दिवसातली लिही. ‘आय वॉज लेट फॉर वर्क’. ‘अवर बिल्डिंग इज क्लोज टू द हायवे’. ‘आई इज वरीड अबाउट द ट्रॅफिक’. फाट्यावर गाडी अडकली की मनातल्या मनात ती म्हणायलाही वेळ मिळेल. स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य विसरत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

अर्जात वर सांगितलेल्या जागा तू स्वतः बदल. शेवटच्या ओळीत ‘लुकिंग फॉरवर्ड टू हियर’ आहे, तिथे काय व्हायला हवं ते आता तुला सांगावं लागू नये. शनिवारपर्यंत नवी प्रत पाठव, मी त्याच दिवशी वाचून फोन करते. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
आत्या