जांगल देश, पर्जन्यमान आणि गुग्गुळ

द्रव्याचा विचार करताना देशविचार अपरिहार्य आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे तीन देश वर्णिले असून जांगल देश वातपित्तबहुल मानला आहे. थरचे वाळवंट हे या जांगल देशाचे ठळक उदाहरण होय.

पर्जन्य आणि भूमी : अरवली पर्वतरांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जवळजवळ समांतर असल्याने त्यांना पुरेशी अडवत नाही. परिणामी अरवलीलगत सुमारे ५०० मि.मी. असणारे वार्षिक पर्जन्यमान जैसलमेरकडे २०० मि.मी.च्याही खाली उतरते. पर्जन्य घटतो तसतशा झुडपांच्या जातीही सर्वसाधारणपणे कमी होतात. मात्र समान पर्जन्यातही भूमीनुसार वनस्पती बदलतात. वाळूच्या टेकड्यांवर फोग व खीप, क्षारयुक्त जमिनीत पीलू व लाणा, तर खडकाळ उतारांवर गुग्गुळ व थोर आढळतात. करीर जवळजवळ पर्णहीन राहून हिरव्या फांद्यांद्वारे अन्न तयार करतो. गुग्गुळ वर्षातील बराच काळ पाने गाळून पाणी राखतो.

गुग्गुळाचे संकट : ही वनस्पती मंद वाढते. निर्याससंग्रहास योग्य होण्यास तिला साधारणतः ८ ते १० वर्षे लागतात. बियांची उगवणही अल्प असते. त्यातच अधिक निर्यासाच्या लोभाने खोल छेद घेतल्यास झाड वाळते. निसर्गतः इतक्या सावकाश भरून येणारी ही हानी संग्रहाच्या वेगाला पुरी पडत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय लाल यादीत गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

व्यवहारातील विचार : योगराज, कैशोर, त्रिफळा इत्यादी गुग्गुळकल्पांवर आपली नित्य चिकित्सा अवलंबून आहे. टंचाई वाढली की शल्लकीनिर्यास, इतर डिंक व माती यांची भेसळही वाढते. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१) औषधनिर्मात्यांनी खरेदीच्या वेळी संग्रहाचे ठिकाण व ऋतू यांची नोंद घ्यावी आणि प्रत्येक खेपेची आयुर्वेदीय फार्माकोपियाच्या निकषांनुसार तपासणी करावी.

२) केवळ स्वस्त दर पाहून माल घेऊ नये.

३) वैद्यांनी गुग्गुळकल्प अवस्थेनुसारच योजावेत, अन्य द्रव्याने कार्य साधत असल्यास त्यास प्राधान्य द्यावे.

४) छाट कलमांपासून रोपे तयार होतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील, पाण्याचा निचरा होणाऱ्या माळरानांवर प्रायोगिक लागवड करून पाहावी.

देश नष्ट झाला तर द्रव्य उरत नाही आणि द्रव्याविना चिकित्सेचा एक पाद लंगडा होतो, हे वैद्यबंधूंनी ध्यानी घ्यावे.