सल्ला देणाऱ्या प्रोग्रामचे सर्वेक्षण : पीप्रॉफचा वापर

गुलाबी बोंडअळीची अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर अल्पावधीतच कपाशीच्या फुलात वा बोंडात शिरते आणि मग फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे हवामानाच्या नोंदींवरून किडीचा अंदाज देणारा प्रोग्राम मंदावला, तर त्याचे उत्तर अचूक असूनही शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही. अशा वेळी बहुधा अधिक क्षमतेच्या संगणकाची मागणी पुढे येते. कामगंध सापळ्यातील पतंग न मोजता फवारणी करावी, त्यातलाच हा प्रकार होय.

गो या संगणकीय भाषेतील प्रोग्रामचे असे सर्वेक्षण पीप्रॉफ या साधनाने करता येते. ते गो भाषेच्या संचासोबत विनामूल्य मिळते व कमांड लाइनवर चालते. प्रोसेसर वापरात असताना सेकंदाला साधारण १०० वेळा, त्या क्षणी कोणते फंक्शन चालू आहे याची नोंद होते. या नोंदींची फाइल म्हणजे प्रोफाइल. शेतातील प्रत्येक झाड न तपासता निवडक झाडे पाहण्याचीच ही रीत. म्हणून अर्ध्या सेकंदात संपणाऱ्या प्रोग्रामच्या पन्नासेक नमुन्यांवर विसंबू नये.

‘गो टूल पीप्रॉफ’ या आज्ञेपुढे फाइलचे नाव देऊन ती उघडावी (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्यात). आरंभीच एकूण कालावधी आणि नमुन्यांचा काळ दिसतो. ही ओळ अनेकजण वाचतच नाहीत. कालावधी ६० सेकंद आणि नमुने केवळ ८ सेकंदांचे असतील, तर प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा होता. प्रोग्राम इंटरनेटची वा डिस्कची वाट पाहत होता. तेथे नवा प्रोसेसर घेऊन काहीही साधणार नाही.

नमुने पुरेसे असल्यास ‘टॉप’ ही आज्ञा द्यावी. ‘फ्लॅट’ या स्तंभात फंक्शनचा स्वतःचा वेळ असतो, तर ‘क्यूम’मध्ये त्याने बोलावलेल्या फंक्शनांचा वेळही धरलेला असतो. समजा, उष्मांक-दिवस काढणाऱ्या फंक्शनचा फ्लॅट नगण्य, पण क्यूम मोठा आहे. कमाल व किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून आधार तापमान वजा करण्यास वेळ लागतच नाही. ‘लिस्ट’ आणि फंक्शनचे नाव दिले की ओळीनिहाय वेळ दिसतो. तेथे कदाचित असे आढळेल की, प्रत्येक गावासाठी तीच हवामान-फाइल पुन्हा उलगडून तिच्यातील तारखा नव्याने वाचल्या जात आहेत. फाइल एकदाच वाचून ठेवली की हा भार उतरतो.

मेमरीची प्रोफाइल वेगळी असते व ती वाचताना गफलत सहज होते. ‘इनयूज स्पेस’ म्हणजे त्या क्षणी अडकून राहिलेली मेमरी, तर ‘अ‍ॅलॉक स्पेस’ म्हणजे आरंभापासून मागितलेली एकूण मेमरी, मग ती परत केलेली असो वा नसो. प्रोग्राम चालता चालता फुगत जाऊन बंद पडत असेल, तर पहिली पाहावी. वारंवार मागणी व सफाई यांत प्रोसेसर गुंतत असेल, तर दुसरी.

दुरुस्तीनंतर त्याच नोंदींवर पुन्हा प्रोफाइल घ्यावी आणि ‘डिफ बेस’ या पर्यायाने जुनी फाइल शेजारी द्यावी. फरक ऋण आकड्यांत दिसतो.