दिवा आपला, वाट सर्वांची

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले मोठे शहर आहे. यंत्रमागाच्या कापडासाठी ते प्रसिद्ध आहे. आता शहराभोवतीच्या गावांत मोठमोठी गोदामेही उभी राहिली आहेत. मानकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडे या गावांत जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज मालाच्या पेट्या भरल्या जातात. मुंबई-नाशिक रस्ता जवळच आहे. ट्रक आणि टेम्पो रात्रंदिवस धावतात. त्याच रस्त्यांच्या कडेने माणसे पायीही चालतात. कोणी मागावरून घरी जातो, कोणी गोदामातून.

अशाच एका गावातल्या तरुणाची ही गोष्ट आहे.

तरुणाने कर्ज काढून जुना टेम्पो घेतला. टेम्पो त्याने जिवापाड सजवला. पुढे झालर लावली, मागे फुले रंगवली. मग एके दिवशी तो बाजारात गेला आणि दिव्यांचे नवे बल्ब घेऊन आला. उजेड पांढरा, निळसर झाक असलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, नवी कोरी महागडी मोटारच येत आहे!

त्या दिवशी त्याचे मामा घरी आले होते. मामांनी तीस वर्षे ट्रक चालवला होता. भाचा हौसेने म्हणाला, "मामा, बघा तरी! कसा लख्ख उजेड पडतो!"

मामांनी दिवे पाहिले. ते लगेच काही बोलले नाहीत. अंधार पडल्यावर म्हणाले, "चल, टेम्पो घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊ."

रस्त्यावर मामा टेम्पोत बसले. भाच्याला म्हणाले, "शंभर पावलं पुढं जा आणि माझ्याकडं तोंड करून उभा राहा. आज तू समोरच्या गाडीचा डायव्हर."

मामांनी दिवे लावले. भाच्याचे डोळे दिपले. त्याने हात आडवा धरला. दोन पांढऱ्या गोळ्यांखेरीज त्याला काही दिसेना. रस्ता दिसेना, कड दिसेना, झाडही दिसेना.

इतक्यात अगदी जवळून आवाज आला, "कोण रे तिथं? तू होय! इथं काय करतोस?"

ती त्याची आई होती. ती गोदामात पेट्या भरण्याचे काम करी. रोजच्याप्रमाणे रस्त्याच्या कडेने ती घरी चालली होती. ती दहा पावलांवर आली, तरी पोटच्या पोराला ती दिसली नव्हती.

भाचा गप्प झाला. मामांनी दिवे बंद केले व खाली उतरून आले. "समज, तू पायी नसून गाडीत असतास. ताशी ६० किलोमीटरनं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दिपलेला डोळा सावरायला काही सेकंद लागतात. तीनच सेकंद धर. तेवढ्यात गाडी ५० मीटर गेली. ते ५० मीटर डायव्हर आंधळा असतो. म्हाताऱ्या माणसाचा डोळा तर आणखी उशिरा सावरतो."

आई म्हणाली, "दादा, मी रोज हेच सोसते. समोरून असली गाडी आली की मी गटाराच्या कडेला उभीच राहते. पाय कुठं टाकावा ते कळत नाही."

घरी गेल्यावर मामांनी टेम्पोचा जुना बल्ब मागवला व भाच्याला समजावून सांगितले.

"हा बल्ब नीट बघ. आत दोन तारा आहेत. एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी आहे. ती कशासाठी? दिव्याच्या मागं वाकडा आरसा असतो. त्याच्या वरच्या भागावर पडलेला उजेड खाली रस्त्यावर जातो. खालच्या भागावर पडला, तर तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. ही वाटी तो उजेड अडवते. तार, वाटी आणि आरसा यांची जागा केसाएवढी मोजून ठरवलेली असते. तुझ्या नव्या एलईडीत तारही नाही आणि तिची जागाही तशी नाही. आरसा मात्र जुनाच. मग उजेड फाकतो. जिथं नको, तिथं जातो."

"पण नव्या गाड्यांत कंपनीच एलईडी देते ना, मामा?"

"देते. पण त्या दिव्याची काच, आरसा, सगळं एलईडीसाठीच बनवलेलं असतं. दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा जोडा आपल्याला कसा बसेल?"

भाचा म्हणाला, "मग जास्त वॅटचा साधा बल्ब लावतो. त्यात तर तार असते."

मामा म्हणाले, "१२ व्होल्टच्या गाडीत हा नेहमीचा बल्ब अप्परला ६० वॅटचा आणि डिप्परला ५५ वॅटचा असतो. बाजारात १०० आणि ९० वॅटचाही मिळतो. हिशेब कर. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर निघतात, म्हणजे तारेतून वीज किती वाहते ते कळतं. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. ९० वॅटचे दोन दिवे १५ अँपिअर ओढतात. शेतातल्या अरुंद पाटात दुप्पट पाणी सोडलं तर काय होतं?"

"बांध फुटतो."

"इथं वायर तापते. होल्डर वितळतो, बटण जळतं. कधी गाडीच पेट घेते. आणि निळ्या काचेचे बल्ब मिळतात ना, त्यांचा निळा रंग थोडा उजेड स्वतःच गिळतो. दिसायला झकपक, पण रस्त्यावर उजेड कमीच."

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने परस्पर बदल करू नये, असे त्याचे कलम ५२ म्हणते. २०१९ साली हा कायदा आणखी कडक झाला. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फिटनेसच्या वेळी गाडीचे दिवेही तपासले जातात.

भाचा म्हणाला, "मामा, सगळेच असले दिवे लावतात. समोरचा अप्पर मारत येतो, तेव्हा मी एकट्यानं काय करावं?"

"तू आपला डिप्पर ठेव. वेग कमी कर. नजर त्याच्या दिव्यावर नको, आपल्या डाव्या कडेवर ठेव. त्याचा राग म्हणून तूही अप्पर मारलास, तर रस्त्यावर एकाऐवजी दोन आंधळे होतील. आमच्या वेळी दिव्याच्या काचेवर काळा ठिपका लावायचे. समोरच्याला त्रास होऊ नये हीच त्यामागची बुद्धी."

"पण मला रात्री खरंच कमी दिसत होतं. म्हणून तर बल्ब बदलला."

"हे आधी सांगायचं!" मामा हसले. दुसऱ्या दिवशी मामा-भाच्यांनी मिळून पुढील कामे केली. ती कोणालाही करता येतील.

१. दिव्यांच्या काचा धुतल्या. एक काच पिवळी, धुरकट झाली होती. ती गॅरेजमध्ये पॉलिश करून घेतली.

२. जुने बल्ब मंद झाले होते. त्याच मापाचे व तेवढ्याच वॅटचे चांगले बल्ब आणले. बल्बच्या काचेला बोट लावले नाही. बोटाचे तेल काचेला लागले की ती तिथे जास्त तापते व बल्ब लवकर जातो.

३. होल्डर आणि वायरींचे सांधे पाहिले. गंजलेले सांधे साफ करून घेतले. गंज असला की बल्बला पुरती वीज मिळत नाही.

४. टेम्पो सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभा केला. जमिनीपासून दिव्याची उंची मोजली. भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारली व डिप्पर लावला. उजेडाची वरची कड रेघेच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली हवी. ती वर होती. गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवून ती खाली आणली. डाव्या बाजूला उजेड थोडा वर चढतो, तो दोष नव्हे. आपण डावीकडून गाडी चालवतो. त्या कडेची माणसे दिसावीत म्हणून तो तसा ठेवलेला असतो.

५. मागे माल भरला की टेम्पोचे नाक वर होते व दिवेही वर पाहू लागतात. काही गाड्यांत दिवे खालीवर करायची छोटी चक्री चालकाजवळ असते. माल भरल्यावर ती फिरवून दिवे खाली घ्यावेत.

रात्री भाचा पुन्हा रस्त्यावर गेला. या वेळी आईच टेम्पोसमोर उभी राहिली. भाच्याने डिप्पर लावला. आई म्हणाली, "आता रस्ता दिसतो. तूही दिसतोस."

झालर आणि फुले टेम्पोवर तशीच राहिली. त्यांनी कोणाचे डोळे दिपत नव्हते. हौस जरूर करावी. पण आपल्या हौसेची किंमत वाटेवरच्या दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये.

प्रश्न

१. आई दहा पावलांवर असूनही मुलाला का दिसली नाही?

२. बल्बमधली पत्र्याची वाटी काय काम करते?

३. जास्त वॅटचा बल्ब लावल्याने वायर का तापते?

४. समोरून अप्पर मारत गाडी आली तर चालकाने काय करावे?

५. तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीचे दिवे भिंतीवर पाडून पाहा. उजेड कोठे पडतो ते वहीत लिहा.