मातीतील कोश : ओळख व दक्षता
औषधी बागेत मूळ-कंद खणताना मातीत तपकिरी, गुळगुळीत, एका टोकास निमुळता कोश आढळल्यास तो बहुधा पतंगाचा असतो. स्पर्श होताच त्याचे उदर वळवळते; अंगास चिकटलेल्या पंखांचे ठसे स्पष्ट दिसतात. सुमारे ५ सेंमी. लांबीच्या कोशास कपाच्या कानासारखी वक्र सोंड असल्यास तो रताळवर्गीय वेलींची पाने खाणाऱ्या अ‍ॅग्रिअस कन्व्हॉल्व्हुलीचा समजावा. हुमणी मात्र पांढरी, अर्धचंद्राकृती, सहा पायांची असून मुळे खाते. कोश काहीच खात नाही; म्हणून त्याकरिता मातीत कीटकनाशक ओतणे आम्ही अनुचित मानतो. तेच मूळ चूर्णरूपाने रुग्णाच्या उदरात जाते. कोश हाताने वेचावेत. मुळे धुऊन, चिरून, तपासूनच औषधालयात घ्यावीत.