सुरम्याचा धातू : खाणीपासून सुतापर्यंत

सुरमा आपल्या परिचयाचा आहेच. ज्या काळ्या, चकचकीत दगडापासून पूर्वी सुरमा बनत असे, त्यातूनच अँटिमनी हा धातू निघतो. हा दगड म्हणजे अँटिमनी आणि गंधक यांचे संयुग. (आज बाजारातील पुष्कळसा सुरमा शिशाच्या खनिजाचा असतो. तो मुलांच्या डोळ्यांत घालू नये.)

या धातूचा जगातील सर्वांत मोठा साठा चीनच्या हुनान प्रांतात, शिक्वांगशान येथे आहे. नावाचा अर्थ 'कथलाच्या खाणीचा डोंगर'. जुन्या लोकांनी हे खनिज कथील समजले, म्हणून हे नाव पडले.

खाणीतील चांगले तुकडे हाताने निवडतात. बाकीचा दगड दळून, पाणी व रसायने मिसळून त्यात हवा सोडतात. खनिजाचे कण फेसाबरोबर वर येतात, गार तळाशी राहते.

भारी प्रतीचे खनिज तळाला भोक असलेल्या भांड्यात तापवले की सुमारे ५५० अंशांवर वितळून खाली ठिबकते. त्यात लोखंडाचे भंगार टाकतात. लोखंड गंधक ओढून घेते व धातू मोकळा होतो. हलके खनिज हवेच्या झोतात भाजतात. त्याचा पांढरा धूर थंड करून कापडी पिशव्यांच्या गाळणीत धरतात. ही भुकटी म्हणजे अँटिमनी ऑक्साइड. कोळसा व सोडा घालून ती वितळवली की धातू मिळतो. खनिजात आर्सेनिकही असते, म्हणून धूर अडवणे कामगारांच्या जिवासाठीही आवश्यक आहे.

हीच भुकटी पॉलिएस्टरच्या कारखान्यात जाते. तिच्यामुळे रसायनांची जोडणी वेगाने होते आणि तिचा अंश सुतात राहतो. भिवंडी-मालेगावच्या मागांवरील पॉलिएस्टर सुताशी या धातूचा संबंध येतो तो असा.

चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. वर्षअखेर युरोपात भाव टनाला सुमारे ४० हजार डॉलर झाला, म्हणजे वर्षारंभाच्या तिपटीहून अधिक. मग सूत किती महागावे? किलोभर पॉलिएस्टरमध्ये अँटिमनी साधारण पाव ग्रॅम. त्या चढ्या भावानेही त्याची किंमत ८५ पैशांच्या आसपास. वाढ त्याहूनही कमी.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, कच्चा माल महागला असे कोणी सांगितले, तर दोन आकडे विचारावेत : किलोमागे तो माल किती लागतो आणि त्याचा भाव किती वाढला? गुणाकार केल्याशिवाय सौदा करू नये.