चित्रातला पोशाख अंगावर कसा आणावा?

स्नेहसंमेलनात ‘ऐतिहासिक वेशभूषा’ म्हटली की आपली पहिली धाव भाड्याच्या कपड्यांच्या दुकानाकडे असते. तिथे राजकन्या, नर्तकी आणि देवी या तिघींना बहुधा एकच पोशाख मिळतो: चकचकीत सॅटिन, टिकल्यांची पट्टी आणि पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट. एका संध्याकाळचे भाडे आणि वर अनामत रक्कम! ज्या घराला ते झेपत नाही, तिथले मूल यादीत नावच देत नाही. म्हणून आवडत्या चित्रावरून आपला पोशाख आपणच जुळवण्याचा हा पाठ. चित्रही आपल्या जवळचेच घेऊ या, अजिंठ्याचे.

जवळचे अशासाठी, की अजिंठा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक. भिंतीवरच्या रंगांचे पोपडे सुटू लागले होते, ते वाचवण्यासाठी १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. यझदानींचा अजिंठ्यावरचा चार भागांतला ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधील राज्य वस्तुसंग्रहालयात या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. पालकांनी मुलांना एकदा तरी तिथे न्यावे, ही विनंती.

अजिंठ्याच्या भिंतीवरून पोशाख पडद्यावर आणला तो एका मराठी बाईंनी. भानू अथैय्या, माहेरच्या राजोपाध्ये, यांचा जन्म १९२९ मध्ये कोल्हापूरला झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि भानूताई स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या कामाचा चित्रपट मात्र त्याआधीचा आहे, १९६६ चा ‘आम्रपाली’. त्यासाठी त्या अजिंठ्याला गेल्या, भिंतीवरची वस्त्रे पाहिली आणि त्यावरून वैजयंतीमालांचे पोशाख बेतले. ते इतके गाजले, की पुढे प्राचीन काळ म्हटला की तोच पोशाख, असे समीकरणच झाले. भाड्याच्या दुकानातला ‘अजिंठा ड्रेस’ पाहा. तो अजिंठ्यापेक्षा चित्रपटाच्याच अधिक जवळचा असतो!

इथे एक गंमत लक्षात घ्या. आम्रपाली बुद्धाच्या काळातली. आपण ज्या लेण्यांची चित्रे पाहतो ती पहिल्या व सतराव्या क्रमांकाची लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. म्हणजे मध्ये सुमारे हजार वर्षे गेली. अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातककथांतल्या राजाराण्यांना आपल्या काळाचे कपडे घातले, आणि भानूताईंनी ते कपडे आम्रपालीला घातले. हे चूक नव्हे. पण आपण काय घेतले आणि काय बदलले, ते आपल्याला सांगता आले पाहिजे.

बदलावे तर लागणारच. चित्रांतली वस्त्रे तोकडी किंवा अतिशय तलम आहेत, ती शाळेच्या मंचावर तशीच्या तशी आणता येणार नाहीत. पण उत्तर चित्रातच आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या दृश्यातली नर्तकी पाहा. तिच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे. त्या काळी शिवलेले कपडे नव्हतेच, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. मुलींनी तीच निवडावी, असे मी सुचवीन.

आता कापड. चित्रासमोर बसून आधी दागिने नव्हे, कापड पाहायचे. कमरेच्या वस्त्रांवर आडवे पट्टे दिसतात. काही पट्ट्यांतल्या नक्षीच्या कडा फिसकटलेल्या आहेत, म्हणून अभ्यासकांना त्या इकत विणीच्या वाटतात. इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षीची कड किंचित पसरते. आपल्या पोचमपल्लीच्या साड्यांत तेच दिसते. (पोचमपल्लीचे विणकाम अजिंठ्याइतके जुने आहे, असे मात्र यावरून ठरवू नका.) तेव्हा आईची जुनी सुती पोचमपल्ली किंवा आजीची काठाची नारायणपेठ काढा. ती लांबीत दुमडून कमरेला घट्ट गुंडाळा, पुढे निऱ्यांचा झुपका सोडा आणि काठाची बाजू दर्शनी ठेवा. साडी कापायची नाही. पिना लावायच्या, कार्यक्रम झाला की ती परत कपाटात.

रंग निवडताना चित्रकाराचा डबा आठवा: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि दूरदेशीच्या मौल्यवान दगडाचा निळा. या डब्यात राणी रंग नाही, चमकी तर नाहीच. शोभा येते ती मोत्यांच्या सरांनी. सतराव्या लेण्यातली आरसा पाहणारी राजकन्या बघा, म्हणजे पटेल. खोट्या मोत्यांच्या माळा आपल्या चारमिनार भागात स्वस्तात मिळतात.

मंचावर येताना सोबत एक पुठ्ठ्याची पाटी ठेवा: लेण्याचा क्रमांक, कोणते चित्र, काय घेतले, काय बदलले. परीक्षकांनी निम्मे गुण त्या पाटीला द्यावेत.

मुलगे विचारतील, आम्ही काय व्हायचे? पहिल्या लेण्याचे छत पाहा. तिथे टोकदार टोप्या आणि सैल अंगरखे घातलेले परदेशी पाहुणे बसले आहेत. टोपी पुठ्ठ्याची होईल, अंगरख्याला बाबांचा जुना कुडता चालेल. त्यांच्या पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आहेत, ते तर शाळेच्या खेळाच्या गणवेशातलेच निघतील.